बायपोलर आजार एमआरआयमध्ये दिसतो का?

(आमच्या स्कॅन सेंटरमध्ये येणारे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

"मुलाला बायपोलर सांगितलंय, एकदा मेंदूचा एमआरआय काढून खात्री करून घेऊ," असं म्हणत बरेच जण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायच आमच्या नौपाड्यातल्या काउंटरवर येतात. कोणी कळव्याहून, कोणी घोडबंदर रोडवरून. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे छापलं आहे. बायपोलर म्हणजे मन कधी अति उत्साहाच्या (उन्माद), तर कधी खोल उदासीच्या टोकाला जाण्याचा आजार. त्याचं निदान एमआरआयवर होत नाही. ते मनोविकारतज्ज्ञ करतात, रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून, आधीच्या महिन्या-वर्षांचा इतिहास विचारून. केवळ खात्रीसाठी स्कॅन मागणाऱ्याला आम्ही आधी डॉक्टरांकडे पाठवतो. तुमचे पैसे औषधांना आणि तपासण्यांना लागणार आहेत, ते इथे वाया जाऊ नयेत.

मग मेंदूत काही फरक नसतोच का? असतो, आणि "नाटकं करतो", "जरा मन घट्ट कर" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे जरूर वाचावं. एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाने २०१८ मध्ये बायपोलर असलेल्या २,४४७ आणि हा आजार नसलेल्या ४,०५६ प्रौढांचे एमआरआय ताडून पाहिले. मेंदूच्या बाहेरच्या थराची, म्हणजे कॉर्टेक्सची, जाडी बायपोलर असलेल्यांमध्ये सरासरीने कमी निघाली. पुढचा, कानशिलाकडचा आणि वरचा भाग, तोही दोन्ही बाजूंना. भावनांना आवर घालणं, पुढचा विचार करून निर्णय घेणं या कामांत पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो. त्याआधी २०१६ मध्ये याच गटाला हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस हे आतले भाग किंचित लहान आणि मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या थोड्या मोठ्या आढळल्या होत्या.

इथे "सरासरीने" हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन शाळांतल्या मुलांची सरासरी उंची थोडी वेगळी असली, तरी एका मुलाची उंची मोजून तो कुठल्या शाळेचा हे सांगता येत नाही. कॉर्टेक्सची जाडीच मुळात सुमारे अडीच मिलिमीटर, आणि हा फरक त्याचाही अगदी छोटा अंश. रेडिओलॉजिस्टच्या डोळ्यांना तो दिसत नाही. सॉफ्टवेअरने हजारो ठिकाणी मोजून, हजारो माणसांची बेरीज केल्यावर तो हाती लागतो. २०२० मध्ये सुमारे तीन हजार स्कॅनवर संगणकालाच बायपोलर ओळखायला लावलं, तेव्हा त्याचं उत्तर जेमतेम ६५ टक्के वेळा बरोबर आलं. म्हणजे साधारण तिघांपैकी एकाच्या बाबतीत चूक. अशा भरवशावर कोणाच्या आयुष्याचा निर्णय होऊ नये.

आता गोळ्यांविषयी, कारण सगळ्यात जास्त भीती तिथेच आहे. "गोळ्यांनी मेंदू खराब होतो" म्हणून औषध मध्येच सोडलेले रुग्ण आम्ही पाहतो, आणि वाईट वाटतं. २०१८ च्या त्याच अभ्यासात लिथियम हे बायपोलरचं औषध घेणाऱ्यांचा कॉर्टेक्स जास्त जाड आढळला. फिटसाठीची जी औषधं बायपोलरमध्येही देतात, ती घेणाऱ्यांमध्ये मात्र तो पातळ होता. पण हा एका वेळचा फोटो आहे. कोणाला कुठलं औषध द्यायचं हे आजार कसा आहे यावरही ठरतं, त्यामुळे फरक औषधाने पडला की आजारामुळे, हे यावरून ठरत नाही. २०२२ मध्ये १,२३२ लोकांचे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा काढलेले स्कॅन तपासले. बायपोलर असलेल्या सगळ्यांचाच मेंदू झपाट्याने झिजतो असं काही दिसलं नाही. मधल्या काळात ज्यांना उन्मादाचे झटके जास्त आले, त्यांच्यात पुढच्या भागाचा थर जास्त वेगाने पातळ झाला होता. म्हणून झटका टाळणं हेच खरं काम, आणि डॉक्टरांना न विचारता एकही गोळी बंद करू नका.

मग डॉक्टर कधीकधी एमआरआय का लिहून देतात? दुसरं काही नाही ना, हे पाहायला. उतारवयात पहिल्यांदाच उन्माद आला, सोबत फिट, हातापायात कमजोरी, नवी सततची डोकेदुखी असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर गाठ, स्ट्रोक, संसर्ग यांचा शोध घ्यावाच लागतो. अशा वेळी स्कॅन टाळू नका.

रिपोर्टवर "नॉर्मल" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ आजार खोटा असा होत नाही. बायपोलरच्या बहुतेक रुग्णांचा रिपोर्ट नॉर्मलच येतो. काही वेळा मेंदूच्या पांढऱ्या भागात छोटे ठिपके असल्याचं लिहिलेलं असतं. ते बायपोलरमध्ये थोडे जास्त आढळतात, पण वय, ब्लडप्रेशर, डायबेटिस, मायग्रेन यांमुळेही येतात. रिपोर्टची ओळ फोनवर शोधत बसण्यापेक्षा ती डॉक्टरांना दाखवा.

स्कॅनला येताना चिठ्ठी आणि जुन्या फिल्म आणा. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवा. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, पण चुंबक जबरदस्त असतं, म्हणून पेसमेकर, ऑपरेशनमध्ये बसवलेली क्लिप, कानातलं यंत्र असेल तर आधीच सांगा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही सांगा. आत घंटी हातात देतो, आणि घरचं एक माणूस तपासणीच्या वेळी खोलीत थांबू शकतं.

रुग्ण रात्र-रात्र झोपत नसेल, भरमसाठ खर्च करत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर स्कॅनची वेळ घेत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.