कर्णबधिर बाळांची भाषेविना जाणारी वर्षे : मागणीमागचा इतिहास

सांगली जिल्ह्यात जत किंवा आटपाडीकडच्या खेड्यातले मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसले, तर 'याचा बापही उशिराच बोलला' म्हणून घरचे थांबतात, जिभेला वेखंड उगाळून लावतात, आणि मिरजेत कानांची तपासणी होईपर्यंत आणखी काळ निघून जातो. मात्र सगळा दोष घरच्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, कारण निदान झाल्यावरही मुलाला लगेच भाषा मिळत नाही. म्हणूनच निदान होताच आईवडिलांना सांकेतिक भाषा, म्हणजे हातांच्या खुणांची भाषा, शिकण्याची सोय मिळावी अशी आजची मागणी आहे, आणि यामागे जुना इतिहास आहे.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंनी कर्णबधिर मुलांना खुणांच्या आधारे शिकवणारी शाळा चालवली होती. पुढे १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मौखिक पद्धतच, म्हणजे फक्त बोलण्यातून शिकवणेच, श्रेष्ठ ठरवून वर्गातून खुणा हद्दपार केल्या. हा निर्णय घेणारे जवळजवळ सगळेच ऐकू येणारे होते. त्याच दशकात मुंबईत कर्णबधिरांची शाळा निघाली आणि नंतर देशभर निघालेल्या बहुतेक शाळांनी ओठवाचन व उच्चार यांवरच भर दिला. मुले मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात एकमेकांशी हातांनीच बोलत राहिली, हे शाळांना दिसत नव्हते असे म्हणवत नाही.

अमेरिकी भाषा अभ्यासक विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये अमेरिकी खुणांच्या भाषेची रचना उलगडून दाखवली, तेव्हा खुणा म्हणजे नुसते हावभाव नव्हेत हे अभ्यासकांना मान्य करावे लागले. १९९८ मध्ये अमेरिकी संशोधक क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान होऊन लगेच मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा सरस आढळली, मग घरात बोलणे असो वा खुणा. मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला मात्र कर्णबधिरांच्या शिक्षणावरची २०१० ची व्हँकुव्हर (कॅनडा) परिषद उजाडावी लागली.

आपल्याकडे २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आली, २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने योग्य भाषेतून शिक्षण देण्याचे बंधन घातले. पण त्याच कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो, म्हणजे भाषा रुजण्याची वर्षे बहुतांशी त्याच्या बाहेरच राहतात. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचे श्रवणसाधन, मिळते, परंतु त्यानंतर दीर्घकाळ वाचा उपचार घ्यावे लागतात, आणि जतच्या शेतमजूर आईला बुडालेल्या रोजावर दर आठवड्याला मिरज गाठणे परवडत नाही.

म्हणूनच आजची मागणी श्रवणयंत्राच्या किंवा शस्त्रक्रियेच्या विरोधातली नाही. यंत्राची चिठ्ठी लिहून दिली जाते त्याच भेटीत आईवडिलांना सांकेतिक भाषा शिकण्याची सोय सांगावी, आणि ती शिकवायला अंगणवाडीपर्यंत मोठ्या वयाच्या कर्णबधिर व्यक्तींनाच मानधनावर नेमावे, इतकेच तिचे म्हणणे आहे.