चेर्नोबिल आणि फुकुशिमा: एक भट्टी उधळली, दुसरी निवेना

तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधलं चेर्नोबिल आणि जपानमधलं फुकुशिमा, या दोन अणुवीज केंद्रांची नावं आपण एका दमात घेतो. अणु-अपघातांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर दोन्ही अपघात सर्वांत वरच्या, सातव्या पातळीचे. म्हणून दोन्हीकडे एकच घडलं असं वाटतं. तसं नाही.

26 एप्रिल 1986 च्या रात्री चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीवर चाचणी चालू होती. बाहेरची वीज गेली, तर डिझेल जनरेटर लागेपर्यंत गरगरत थांबणाऱ्या टर्बाइनवर भट्टीत पाणी फिरवणारे पंप चालतील का, हे बघायचं होतं. शक्ती ठरल्यापेक्षा फार खाली घसरली, ती सावरायला अणू फुटण्याची साखळी प्रक्रिया आवरणाऱ्या बहुतेक नियंत्रक कांड्या बाहेर ओढल्या गेल्या. त्या रचनेत पाण्याची वाफ झाली की साखळी प्रक्रिया उलट जोर धरायची. 1 वाजून 23 मिनिटांनी सगळ्या कांड्या आत ढकलणारं आणीबाणीचं बटण दाबलं. पण आत निघालेल्या कांड्यांच्या टोकांना साखळी प्रक्रियेला बळ देणारं ग्राफाइट होतं, त्यानं प्रक्रिया आधी भडकली. ब्रेक दाबावा आणि गाडीनं उसळी घ्यावी, तसं. काही सेकंदांत छत उडालं. बाहेरून भक्कम बंदिस्त कवच नव्हतंच.

फुकुशिमात, 11 मार्च 2011 ला, भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. इथवर सगळं बरोबर. पण चूल विझवली तरी निखारे धगधगतात. बंद केल्या क्षणी इंधनात पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता उरते आणि ती काढायला पाणी फिरतं ठेवावं लागतं. भूकंपानं बाहेरची वीज तोडली होती. मग त्सुनामी आली आणि तळघरांतले जनरेटर बुडाले. अंधाऱ्या नियंत्रण कक्षात कर्मचारी टॉर्चच्या उजेडात उभे होते. गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणून त्यांनी त्या मीटरना जोडल्या, निदान आकडे तरी दिसावेत म्हणून. तिन्ही भट्ट्यांतलं इंधन वितळलं. टीव्हीवर दिसलेले स्फोट हायड्रोजनचे होते: इंधनाच्या नळ्यांचा तापलेला धातू, झिर्कोनियम, आणि वाफ यांतून तो तयार झाला होता.

चेर्नोबिलच्या चाचणीतला प्रश्न पंचवीस वर्षांनी असा खराखुरा समोर आला.

परिणामही वेगळे. चेर्नोबिलमध्ये दोघे त्याच रात्री गेले, 28 जण तीव्र किरणोत्सर्गानं पुढच्या काही महिन्यांत. शेजारचं प्रिप्यात शहर रिकामं करायला सुरुवात व्हायलाच सुमारे दीड दिवस गेला. किरणोत्सर्गी आयोडीन-131 गवतातून गाईच्या दुधात उतरलं, मुलं ते दूध पीत राहिली आणि पुढे हजारोंना थायरॉइडचा कर्करोग झाला. दूध वेळीच थांबवलं असतं तर यातली कितीतरी मुलं या आजारापासून वाचली असती, याची मला आजही चीड येते.

फुकुशिमात तीव्र किरणोत्सर्गानं कुणीही दगावलं नाही. माणसं गेली ती स्थलांतरात. अंथरुणाला खिळलेले रुग्ण तासन्‌तास बसमध्ये होते. वृद्ध तात्पुरत्या घरांत खचले. त्या प्रांतात आपत्तीच्या पश्चात झालेल्या अशा मृत्यूंची सरकारी नोंद 2,000 च्या वर आहे.

आपल्या तारापूरच्या 1969 सालच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमासारख्याच, पाणी उकळवणाऱ्या, समुद्राकाठच्या. त्यांच्याबद्दल विचारायचंच, तर जनरेटर किती उंचीवर आहेत ते आधी विचारायला हवं.