कमी दारूची रायफल काडतुसे : पार्श्वभूमी

रायफलच्या काडतुसात मुद्दाम कमी दारू (बंदुकीची स्फोटक पूड) भरण्याची पद्धत धूररहित दारूपेक्षा जुनी आहे. अमेरिकी लष्कराच्या .45-70 काडतुसात 70 ग्रेन (दारू मोजण्याचे छोटे वजन) काळी दारू मावायची. घोडदळाच्या आखूड बंदुकीसाठी त्याच पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) 55 ग्रेन घालत आणि उरलेली जागा पुठ्ठ्याने भरून काढत.

धूररहित दारू आली, 1886 मध्ये फ्रान्सने तिच्यावर चालणारी रायफल स्वीकारली आणि हा सोपा हिशेब मोडला. रायफलची मंद, म्हणजे हळू जळणारी दारू पुरेसा दाब मिळाल्याशिवाय नीट पेटत नाही. ती निम्म्यावर आणली तर अर्धे जळके दाणे नळीत उरतात, कधी गोळीच आत अडकते. त्यामुळे शिशाची ओतीव गोळी संथ वेगाने मारू पाहणारे लोक पिस्तूल आणि शॉटगनच्या जलद दारूकडे वळले. अशा दारूंपैकी बुल्सआय 1898 ची, युनिक 1900 ची. दोन्ही आजही वापरात आहेत. खांदा कमी दुखतो, नळी कमी झिजते, दारू वाचते.

धोकाही इथलाच. जलद दारूचा भार पुंगळीच्या तळाशी दिसेल न दिसेल इतकाच असतो. चुकून दुप्पट पडला तरी दारू बाहेर सांडत नाही, गोळी निमूट बसते आणि रायफल फुटते. पुढे अशा अपघातांचे खापर ‘गूढ स्फोटा’वर, म्हणजे कमी दारूतही अचानक अतोनात दाब वाढण्यावर, फोडले गेले. असे दाब मोठ्या पुंगळीतल्या कमी केलेल्या मंद दारूबाबत नोंदले गेले आहेत. जलद दारूच्या बाबतीत दुप्पट भार हेच बहुतेक वेळा खरे कारण असावे.

सर्वांत लांबलेला वाद मात्र भरावाचा. दारू प्रायमरजवळ (पुंगळीच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीजवळ) राहावी म्हणून तिच्यावर सावरीच्या कापसाचा, नंतर डेक्रॉनचा (कृत्रिम धाग्याचा) झुबका ठेवण्याची चाल पडली. रायफल वर किंवा खाली झुकवल्याने पडणारा वेगातला फरक त्याने घटतो, हे खरे. पण झुबका दाबून बोळ्यासारखा बसवला आणि त्याच्या व गोळीच्या मध्ये हवा राहिली, तर तो बोळा गोळीच्या बुडावर जाऊन आदळतो. नेमक्या त्या जागी चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या भागाच्या) पोलादात कडे उमटते. झाडलेल्या पुंगळीच्या मानेवर चकचकीत फुगीर पट्टा दिसतो आणि ती ओढून काढावी लागते. समर्थक म्हणतात, सैल झुबका गोळीपर्यंत पोचला की काही होत नाही. असेलही, पण दारू जलद असेल तर भरावाची गरजच सहसा पडत नाही, आणि बिघडलेले चेंबर पूर्ववत होत नाही.

या शतकात कड्यासारख्या पोकळ दाण्यांची, जागा व्यापणारी ट्रेल बॉस ही दारू आली आणि दुप्पट भाराची भीती बरीच ओसरली, कारण तो पुंगळीत मावेनाच. एका मध्यम दारूसाठी तर उत्पादकानेच कमाल मात्रेच्या 60 टक्क्यांपर्यंत उतरण्याची मुभा दिली. ती सवलत त्या एकाच दारूपुरती आहे. अनेकांनी ती सगळ्या दारूंना लावली. ट्रेल बॉस अलीकडे मिळेनाशी झाल्यावर बरेच जण पुन्हा युनिककडे परतले आहेत, आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत विजेरी मारून पाहण्याची जुनी शिस्तही त्यांना पुन्हा पाळावी लागते आहे.