चिकटलेले पाय आणि डीबीएस

डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) म्हणजे मेंदूत खोलवर बारीक तार बसवून वीजस्पंद देण्याचा उपचार. त्याचे व्हिडिओ अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरत असतात. रिमोटचं बटण दाबलं की कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) पेशंटचा थरथरणारा हात क्षणात शांत होतो. व्हिडिओ खोटे नसतात. पण ते पाहिल्यावर घरच्यांची आशा हातावरून पायांवर जाते. "म्हणजे ऑपरेशननंतर बाबा पुन्हा तलावपाळीला फेरी मारायला जातील ना?" इथेच घोटाळा होतो. कंपाचा हिशेब वेगळा आणि चालण्याचा वेगळा.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत कंपवात असलेले आमचे परिचित एक काका राहतात. कठडा धरून ते तीन मजले बऱ्यापैकी चढतात. वर येऊन चपला काढतात आणि उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. धड पुढे, पाय मागेच. अशा वेळी कुणी हात धरून ओढलं तर तोलच जातो. काकू मात्र आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवतात, "अहो, एवढं ओलांडा बघू." लगेच पाय सुटतो. जिने चढणारा माणूस सपाट जमिनीवर अडतो म्हणजे नाटकंच, असं काकांना सख्ख्या भावाने ऐकवलं होतं.

नाटक अजिबात नाही. सवयीचं चालणं मेंदूच्या खोल भागातली केंद्रं परस्पर सांभाळतात, आपल्याला पावलं मोजावी लागत नाहीत. पार्किन्सन्समध्ये डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि ही परस्पर चालणारी यंत्रणा अडखळते. समोर पायरी, फरशीवरची पट्टी किंवा कुणाचं पाऊल दिसलं की मेंदू डोळ्यांच्या मदतीने, जाणीवपूर्वक पाऊल उचलायचा दुसरा मार्ग वापरतो. दार, वळण, गर्दी, घाई आली की अडचण परत वाढते. ठाणे स्टेशनात संध्याकाळी हे सगळं एकाच वेळी समोर येतं, त्यामुळे असे पेशंट तिथे जायचंच टाळतात.

आता तारेकडे वळू. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे 1987 मध्ये आलिम-लुई बेनाबिद यांनी मेंदूतल्या थॅलॅमस या भागाला सतत, वेगाने वीजस्पंद देऊन कंप थांबवला. 1990 मध्ये अमेरिकेत मॅहलॉन डीलाँग आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं असलेल्या माकडांवर प्रयोग करून दाखवलं, की सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे केंद्र निकामी केलं तर हालचाली सुधारतात. हे केंद्र सोललेल्या वालाच्या दाण्याएवढं. पुढे बेनाबिद यांच्या गटाने तिथेच तार बसवायला सुरुवात केली. बेनाबिद आणि डीलाँग या दोघांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार 2014 मध्ये मिळाला. तार साधारण 1.3 मिलिमीटर जाडीची असते, बॅटरी गळपट्टीच्या हाडाखाली कातडीआड बसते आणि सेकंदाला बहुधा 130 स्पंद जातात. त्याने रोग बरा होत नाही की थांबत नाही. मेंदूतल्या बिघडलेल्या विद्युत लयीला आवर बसतो, एवढंच.

मग चालीचं काय? याचं बरंचसं उत्तर लेव्होडोपा या कंपवातावरच्या मुख्य औषधाच्या गोळीत मिळतं. गोळी चढल्यावर चाल मोकळी होत असेल आणि उतरली की पाय चिकटत असतील, तर डीबीएसने फायदा होण्याची शक्यता चांगली. गोळी उतरल्यावरचा, पेशंट ज्याला 'ऑफ' म्हणतात तो काळ कमी होतो. गोळी पूर्ण लागू असतानाही पाय चिकटत असतील, तोल जाऊन पडायला होत असेल, तर डीबीएसने ते सहसा सुटत नाही. कंप याला मोठा अपवाद आहे, गोळीला न जुमानणारा कंपही तारेने थांबू शकतो. म्हणून तर त्या व्हिडिओंवरून चालीचा अंदाज बांधू नये. शस्त्रक्रियेआधी पेशंटला रात्रभर औषधाविना ठेवतात, सकाळी हालचालींना गुण देतात, मग डोस देऊन पुन्हा तपासतात. साधारण तीस टक्के तरी सुधारणा दिसावी, असा प्रचलित निकष आहे. माझ्या मते हा निकाल घरच्यांनी नीट समजून घ्यावा. चाल किती सुधारली, हे वेगळं विचारावं. एकूण गुण चांगले असूनही चालीचे गुण जागचे हलले नाहीत, असं होऊ शकतं.

चालीसाठी वेगळे प्रयत्नही झाले आहेत. काहींमध्ये स्पंद 130 वरून 60 वर आणले की पाय सुटतात, पण कंप डोकं वर काढू शकतो आणि फायदा कधीकधी टिकत नाही. मेंदूच्या देठातल्या पीपीएन या केंद्रात 2005 च्या सुमारास तारा बसवायला सुरुवात झाली. निकाल उलटसुलट आले, ते नेहमीचे उपचार झालेले नाहीत. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, मेंदूतल्या लहरी वाचून प्रवाह आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेला मान्यता दिली. कल्पना मला आवडते, पण चिकटणाऱ्या पायांवर तो रामबाण आहे असं म्हणणं घाईचं होईल.

धोकेही आहेत: थोड्या जणांना मेंदूत रक्तस्राव, काहींना जंतुसंसर्ग. बोलणं अस्पष्ट होऊ शकतं. तार बसवल्यावर सेटिंग जमायला काही महिने जातात, तोवर धीर धरावा लागतो. खर्च लाखांत. दारात आडवी पट्टी चिकटवणं, 'एक-दोन' मोजत तालावर चालणं, वळताना मोठा वळसा घेणं, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकता येतं आणि ऑपरेशन होवो न होवो, उपयोगी पडतं.

फिजिओवरूनच एक, फारसं कुणी सांगत नाही अशी गोष्ट. या वयात गुडघे कुरकुरतातच आणि माणूस शेक घ्यायला जवळच्या क्लिनिकमध्ये जातो. तिथे शॉर्टवेव्ह डायथर्मीचं, म्हणजे लहरींनी शरीरात आतपर्यंत शेक देणारं, मशीन असू शकतं. डीबीएस बसवलेल्याला ते शरीराच्या कुठल्याही भागावर लावायचं नाही, गुडघ्यावरही नाही. त्यातली ऊर्जा तारेवाटे मेंदूत पोचून तिथला भाग भाजू शकतो, जीवही जाऊ शकतो. ऑपरेशननंतर मिळणारं कार्ड विमानतळावर दाखवायला लोक जपून ठेवतात. ते शेक घेण्याआधीही दाखवावं, आणि सोबत जाणाऱ्या माणसालाही हे माहीत असावं.