दोनशे डॉलरच्या करावर उभा राहिलेला शस्त्रकायदा

मशीनगन, बंदुकीचा आवाज दाबणारे सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफली-शॉटगन यांच्यासाठी अमेरिकेत वेगळा केंद्रीय कायदा आहे : १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट. त्याविरुद्ध टेक्सास व मिसूरीतल्या केंद्रीय न्यायालयांत गेलेले खटले समजायचे, तर आधी त्यातला कर समजून घ्यावा लागतो.

दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर ही शस्त्रे आटोक्यात आणायची होती; पण पोलिसी अधिकार राज्यांकडे. म्हणून अ‍ॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी करआकारणीच्या अधिकाराचा आधार घेतला. शस्त्र बनवताना आणि प्रत्येक हस्तांतराला २०० डॉलर, शिवाय नोंदणी. थॉमसन मशीनगनची त्या वेळची किंमतच सुमारे तेवढी होती.

मूळ विधेयकात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. कोणी रायफलीची नळी कापून पिस्तुलांवरच्या बंधनातून पळवाट काढू नये, म्हणून आखूड नळीचे कलम आले. पुढे पिस्तुले वगळली गेली, कलम तसेच राहिले. आज मर्यादा रायफलीला १६ इंच, शॉटगनला १८ आणि एकूण लांबी २६ इंच. मोजमाप बंद बोल्टच्या (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या भागाच्या) पुढच्या पृष्ठभागापासून नळीच्या टोकापर्यंत घेतात. टोकाला जोडलेला भाग वेल्डिंगसारख्या कायम जोडणीने बसवला असेल तरच धरतात. नुसता आट्यांवर फिरवून बसवलेला भाग धरून १६ इंच भरवले, तर ती नोंदणीविना ठेवलेली आखूड रायफल ठरते.

१९३७ मध्ये सोन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्यांवरचा वार्षिक कर वैध ठरवला. १९३४ मध्ये तो २७ विक्रेत्यांनी भरला होता, १९३५ मध्ये २२. उत्पन्न येते ना, मग तो कर. त्यामागचा हेतू आम्ही तपासणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. पुढचे सारे या निकालावर उभे आहे.

१९३९ च्या मिलर खटल्यात, म्हणजे विनानोंद आखूड शॉटगनच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा टिकवला; पण आरोपींतर्फे कोणी हजरच झाले नाही. इतक्या एकतर्फी सुनावणीवर पुढची सत्तर वर्षे भिस्त ठेवली गेली, हे खटकते. २००८ च्या हेलर निकालाने त्याचा अर्थ असा लावला की, कायदा पाळणारे नागरिक सर्वसाधारणपणे बाळगत नाहीत अशा शस्त्रांना दुसऱ्या घटनादुरुस्तीचे, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काचे, संरक्षण नाही.

कायद्याला खरा धक्का बसला १९६८ च्या हेन्स निकालाने. बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्याने नोंदणी करणे म्हणजे स्वतःविरुद्धच कबुली देणे. तशी सक्ती घटनेला मान्य नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्याच वर्षी कलमे बदलली : नोंदणी बनवणाऱ्याने वा देणाऱ्याने करायची, ताबेदाराने नाही. त्यामुळे आजोबांच्या पेटीत विनानोंद मशीनगन सापडली, तर वारसाला ती आता नोंदवता येत नाही. १९ मे १९८६ पासून तर खासगी व्यक्तींसाठी नव्या मशीनगनची नोंदणीच बंद आहे.

राज्यांचे कायदे दोन्ही दिशांना ओढतात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसह आठ राज्यांत नागरिकांना सायलेन्सर बाळगता येत नाही. उलट, राज्यातच बनलेल्या आणि तिथेच राहणाऱ्या सायलेन्सरला केंद्रीय कायदा लागू नाही, असे कॅन्सस व टेक्सासने जाहीर केले. कॅन्ससच्या कायद्यावर विसंबलेल्यांची शिक्षा २०१८ मध्ये दहाव्या सर्किट न्यायालयाने (केंद्रीय अपील न्यायालयाने) कायम केली. टेक्सासचा दावा २०२४ मध्ये दावा करण्याच्या पात्रतेवरच अडला.

त्याच वर्षी बम्प स्टॉकवरची, म्हणजे अर्धस्वयंचलित रायफलीतून सलग वेगाने गोळ्या झाडू देणाऱ्या जोडणीवरची, बंदी उठली, पण ‘मशीनगन’च्या व्याख्येच्या शब्दांवरून, घटनेचा प्रश्न तिथे नव्हताच. २०२५ मध्ये पाचव्या सर्किटने सायलेन्सरची नोंदणी टिकवली ती परवाना पद्धतीचा एक प्रकार मानून.

४ जुलै २०२५ च्या कायद्याने सायलेन्सर व आखूड नळीच्या शस्त्रांवरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला; मशीनगनवर २०० डॉलर कायम. कर नाही तर करासाठीची नोंदणी कशाच्या आधारावर, असा टेक्सास व मिसूरीतल्या याचिकाकर्त्यांचा सवाल आहे, आणि तो भक्कम आहे. सरकारकडे विक्रेत्यांवरचा कर आणि आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार हे आधार उरतात. मात्र कर शून्य झाला तरी अर्ज, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि मंजुरी कायम आहे. शस्त्र बनवण्याच्या परवानगीचा अर्ज (फॉर्म १) मंजूर होण्याआधी नळी कापली, तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.