नवं इन्सुलिन, जुनं वेळापत्रक

इंदुरात रात्रीचं जेवण झालं म्हणजे खाणं संपलं असं नसतं. सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी आणि थंडीत गराडू हा तळलेला कंद मांडला जातो. पाहुण्यांना तिथं नेणं हा इथल्या मराठी घरांचाही शिरस्ता आहे. मधुमेहासाठी मिक्सचं, म्हणजे दोन प्रकार एकत्र केलेलं इन्सुलिन घेणाऱ्याची मात्र पंचाईत होते. आठची सुई त्याला साडेआठला पानावर बसवतेच. अकराच्या गराडूचा हिशेब तिच्यात धरलेला नसतो.

या मिक्समध्ये बहुधा ३० टक्के साधं इन्सुलिन असतं आणि ७० टक्के दुधाळ एनपीएच. एनपीएच १९४६ साली डेन्मार्कमध्ये हागेडॉर्न यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. प्रोटामिन नावाचं प्रथिन जोडल्यामुळे ते कातडीखाली सावकाश विरघळतं आणि साधारण चार ते आठ तासांनी त्याचा जोर सर्वांत वाढतो. म्हणून सकाळी सुई घेतली की दुपारचं जेवण लांबवून चालत नाही, मधल्या वेळी काहीतरी तोंडात टाकावं लागतं. वर्षानुवर्षं अख्खं घर या वेळा पाळतं. पुढे डॉक्टर इन्सुलिन बदलून देतात, आणि घराच्या सवयी मात्र आहे तिथेच राहतात. माझ्या मते खरी गडबड इथे होते.

सुई आणि जेवण यांच्यातल्या अर्ध्या तासाचंच बघा. शीशीत इन्सुलिनचे रेणू जस्ताभोवती सहा-सहाच्या गटानं असतात. अख्खं कोंडाळं दारातून जाऊ शकत नाही, एकेकटा माणूस जातो. तसंच गट फुटल्याशिवाय हे रेणू रक्तात नीट शिरत नाहीत. साध्या इन्सुलिनला त्यासाठी अर्धा तास लागतो. १९९६ साली बाजारात आलेल्या लिस्प्रो या झटपट इन्सुलिनमध्ये साखळीतल्या २८ आणि २९ क्रमांकाच्या अमिनो आम्लांची फक्त अदलाबदल केलेली आहे. तेवढ्यानं गटाची पकड ढिली होते आणि दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू होतं. अशी सुई घेऊन जुन्या सवयीनं अर्धा तास आरती-जपात घालवला, तर पानावर बसायच्या आधीच साखर घसरून, घाम फुटून हातपाय थरथरायला लागू शकतात.

ग्लार्जिन या लांब चालणाऱ्या इन्सुलिनचं उलटं. त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं. कातडीखालची आम्लता वेगळी, त्यामुळे तिथं पोचताच त्याचे बारीक कण जमतात आणि जवळजवळ दिवसभर विरघळत राहतात. त्याचा जोर एनपीएचसारखा एका वेळी ठळक वाढत नसल्यामुळे मधल्या वेळचं खाणं सक्तीचं राहत नाही. पण आजोबांना ‘अकरा वाजले, बिस्किटं घ्या’ म्हणणं थांबत नाही, आणि मग साखर आणि वजन दोन्ही चढलं की दोष नव्या इन्सुलिनला. हे इन्सुलिन दिसायला पाण्यासारखं नितळ असतं. ते दुसऱ्या कशात मिसळून एका सुईत घ्यायचं नाही.

युनिटचा आकडाही जसाच्या तसा उचलता येत नाही. एनपीएच दिवसातून दोनदा, सकाळी १६ आणि रात्री १४ युनिट चालू असेल, तर एकवेळच्या ग्लार्जिनवर जाताना बेरजेतून साधारण २० टक्के कमी करून २४ पासून सुरुवात करतात. मिक्सवरून जाताना गणित वेगळं असतं, आणि ते डॉक्टरांनीच करायचं. डेग्लुडेकसारखं आणखी लांब चालणारं इन्सुलिन असेल तर त्याचा परिणाम स्थिरावायला तीन-चार दिवस जातात. दुसऱ्याच सकाळी ग्लुकोमीटरचा आकडा बघून डोस वाढवला, तर चौथ्या दिवशी साखर घसरू शकते.

सगळ्यात वाईट घोटाळा सिरिंजचा. आपल्याकडे शीशीतलं इन्सुलिन बहुतेक दर मिलीलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनच्या काडतुसातलं १०० चं. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. पेन बिघडलं म्हणून कुणी काडतुसातलं औषध लाल टोपीच्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात ५० युनिट जातात. दवाबाजारात स्वस्त मिळाल्या म्हणून घेऊन ठेवलेल्या जुन्या सिरिंजा आणि फ्रिजच्या दारातली अर्धी उरलेली शीशी इन्सुलिन बदललं त्याच दिवशी तिथून काढून टाकायला हवी. नाहीतर घाईच्या वेळी घरातलं दुसरं कुणी सुई द्यायला बसलं की हाताला तीच लागते.