विहिरीत उतरलेला पाणबुड्या घडीघडी वर का येत नाही?

पाण्याची मोटार विहिरीत पडली की जीव वर-खाली होतोच. मोसंबी पाण्याला आलेली, लाइट मोजून काही तास, काठावर पंधरा-वीस माणसं. आमचा पाणबुड्या हवेचं सिलिंडर लावून ती काढायला खाली गेला, की पाच मिनिटांत कुणीतरी दोर हलवतं. ‘वर या अन् सांगा, दिसली का?’ तो येतो, सांगतो, उतरतो. पुन्हा दोर हलतो.

कृपा करून हे करू नका. तुमचा निम्मा दिवस यातच जातो, आणि आमच्या माणसाच्या जिवाशी खेळ होतो.

यावर ठरलेला प्रश्न: ‘आमच्या गावातला गडी एका दमात तळ गाठतो, दिवसभर वर-खाली करतो. तुमच्याकडं तर सिलिंडर आहे!’ फरक त्या सिलिंडरचाच आहे. गावचा गडी काठावरची हवा छातीत भरून जातो. खाली ती दबते, वर आल्यावर होती तेवढीच होते. (त्याचे धोके वेगळे.) आमचा माणूस खालच्या दाबाची हवा खालीच घेतो. साधारण ३३ फुटांवर दाब काठाच्या दुप्पट असतो. तिथं छातीभर घेतलेली हवा वर येईतो दोन छात्या भरतील एवढी होते. श्वास सोडत सावकाश आलं तर ठीक. हाकेनं दचकून दम कोंडून आला तर फुप्फुस फाटू शकतं, त्याला चार-पाच फूट पाणीही पुरतं. हवा झपाट्यानं फुगते ती शेवटच्या काही फुटांत, आणि प्रत्येक वेळी वर बोलावलं की तोच टप्पा पुन्हा पार करावा लागतो.

शिवाय हवेतला नायट्रोजन दाबाखाली रक्तात मुरतो आणि वर येताना सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे धरतो. थोडेफार बुडबुडे फुप्फुसात गाळले जातात. पण लगेच परत खाली गेलं, की ते दबून बारीक होतात, गाळणीतून निसटतात आणि मेंदू-मणक्यापर्यंत पोचू शकतात. म्हणून आम्ही मिनिटाला ३० फुटांपेक्षा वेगानं वर येत नाही आणि १५ फुटांवर ३ मिनिटं थांबतो. आमचा माणूस तिथं आराम करत नसतो. वर आल्यावर मोटार ओढायला तो हात लावत नाही, हीसुद्धा नेहमीची तक्रार. त्या वेळी जोर लावला तर बुडबुडे वाढतात. ओढायला चार गडी तुमचे लागतील, हे आधीच सांगतो.

मालवणला स्कुबा (सिलिंडर लावून समुद्रात बुडी) करून आलेले लोक तिकडच्या वेळा सांगतात. ती समुद्रसपाटी. किती खोल किती वेळ राहायचं, या पाणबुड्यांच्या कोष्टकांचा हिशेब ३०० मीटर उंचीच्या पुढं बदलतो, कारण उंचावर हवेचा दाब कमी; आणि आपलं छत्रपती संभाजीनगर साडेपाचशेच्या वर आहे.

गाळाचं तर विचारू नका. प्रत्येक फेरीला तो उठतो. पाणी चहासारखं झालं, की बॅटरीचा उजेड हातभरही जात नाही. एका विहिरीत मोटार पहिल्याच फेरीत दिसली होती. मालकानं सहा वेळा वर बोलावलं, शेवटी ती हाताला लागेना. दुसऱ्या दिवशी गाळ बसल्यावर वीस मिनिटांत हूक अडकवला. मोटार जागची हलली नव्हती.

आमची पद्धत दोन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत कॅमेऱ्यानं तळ टिपून आणतो; मोटार, पाईप, कपार सगळं तुम्ही मोबाईलवर बघा, काय विचारायचं ते तेव्हा विचारा. मग किमान तासभर थांबून दुसऱ्या फेरीत हूक. त्या तासात आम्ही तिपाई आणि चेनपुली उभी करतो. भाव कामावर आहे, तासावर नाही. थांबून आम्हाला जास्त पैसे मिळत नाहीत. आमचा माणूस खाली असताना दोराला फक्त आमचा काठावरचा माणूस हात लावील.

फवारणीच्या कॉम्प्रेसरला नळी जोडून निम्म्या भावात उतरणारेही भेटतात. त्या हवेत तेल आणि इंजिनाचा धूर येऊ शकतो. आमचे सिलिंडर श्वासाच्या हवेच्या कॉम्प्रेसरवर भरलेले असतात.

आम्ही येण्याआधी फ्यूज काढून खिशात ठेवा, नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही. फोनवर विहीर किती परस (पुरुषभर उंचीचं माप) खोल आणि त्यात पाणी किती, हे दोन्ही सांगा. आणि गळ टाकून बघण्याआधी फोन करा. गळानं पाईप कपारीत घुसवला, की काम दुप्पट होतं, भावही.